कोरडी

लुंबार्दाच्या वाळूत एक वेल आहे,
तिच्या नावात स्वरच नाही: ग्र्क.
म्हणून बघा,
दातांखाली वाळू आल्यासारखं होतं.

तिची फुलं नुसती मादी.
पराग दुसऱ्याच्या दारचा लागतो,
काळ्या द्राक्षाचा, प्लावात्सचा,
तोही त्याच आठदहा दिवसांत फुललेला.

वित्सकोच्या नऊ ओळी बांधाच्या अलीकडे.
फ्रानेच्या काळ्या वेली पलीकडे.
भाऊ सख्खे. बावीस वर्षं बोलणं बंद,
एका अंजिराच्या झाडावरून,
ज्याची अंजिरं तशीही पाखरंच खायची.

वाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वर्षाला चारशे बाटल्या.
वित्सको लेबलं स्वतः चिकटवायचा, जरा तिरकी,
आणि मनगट दाखवून म्हणायचा,
सगळं ह्याचं.

फ्राने फेब्रुवारीत गेला.
झाग्रेबहून त्याचा पोरगा आला,
वेली उपटल्या, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी खडी टाकली.

तो मी.

त्या जूनमध्ये काकाच्या घडांना मणी धरले
मोहरीएवढे,
आणि तेवढेच राहिले.
सत्तावीस बाटल्या.

पुढच्या वर्षी फुलोऱ्यात
पेरिनाकाकू पहाटेच सायकलवर गेली गावाच्या त्या टोकाला,
प्लावात्सचे फुललेले घोस एप्रनमध्ये घेऊन आली,
आणि लग्नात अक्षता टाकाव्यात तशी
ओळीओळींतून झटकत फिरली.
काका बांधावर बसून. तोंड खडीकडे.
मी वरच्या खोलीच्या चादरी बदलत होतो,
खिडकीपासून जरा मागे सरकलो.

एप्रिलमध्ये तो दारात आला.
टोपी काढली नाही, आत आला नाही.
उंबऱ्यावर बाटली ठेवून म्हणाला,
"त्या सत्तावीसमधली.
ह्यात निम्मं तुझ्या बापाचं."
निम्मी नव्हती. भरलेली होती.

रात्री एकट्यानं उघडली.
मीठ, लिंबाची साल,
मग कडू बदाम, बराच वेळ.
गोड म्हणून जे काही होतं
ते खमिरानं शेवटच्या कणापर्यंत खाल्लेलं.
आमच्या घराण्यात असंच बोलतात.

सकाळी जर्मन जोडपं गाडी काढून गेलं.
चाकांच्या दोन खुणा राहिल्या.
तिथे बुटाच्या टोकानं खडी बाजूला केली.
चार बोटं खाली
वाळू होती. गार.