पाटीची मागची बाजू

एक्केचाळीस पाट्यांचं काम मिळालं मला.
हिरवी जमीन, पांढरी अक्षरं, पाटीला एकशे वीस रुपये.
पालिकेने यादी दिली:
अंजन, धावडा, सालई, मोह,
आणि खाली तिरक्या अक्षरांत लॅटिन नाव,
जे मी चित्र काढावं तसं उतरवत गेलो.

सावद्याकडून येताना सुकी ओलांडली की डावीकडे
लोखंडी कमान, तिकीटखिडकी, पाळण्यांचं किरकिरणं.
त्यामागे तारेचं कुंपण, आणि कुंपणामागे
ज्याला आता 'राखीव' म्हणतात ते:
गुडघाभर कुसळी गवत, त्यात दबून बसलेले लावे,
पाय अगदी अंगावर येईपर्यंत न उडणारे.

बावीस एकर. वीस वर्षं इथे केळीच होती.
अजून खांबासाठी खड्डा खणला
की ठिबकच्या काळ्या नळ्या वर येतात.
ओढत गेलं तर विहिरीपर्यंत नेतील.

फत्तू तडवी या वावराचा सालदार होता.
आता खाकी शर्ट, गळ्यात शिटी,
त्याच वावराचा वॉचमन.
सकाळी फिरायला डिगंबर फिरके येतात, तेव्हाचे मालक,
महिन्याचा पास पुढे करतात.
फत्तू तो हातात घेतो,
उलटा धरून सावकाश बघतो.
फिरके भाऊ उभे राहतात तेवढा वेळ,
बुटाची नाडी तपासतात.

"पेंटर भो," तिसऱ्या दिवशी तो म्हणाला,
"झाडाले नाव देऊन राहिला, ठीक.
झाडं आता आली.
वावराले आधीच नाव होतं."

मग माझा रंगाचा डबा उचलून
पुढे चालत, बोटाने दाखवत गेला.
हे दोनच्या लाइटीचं:
रात्री दोनला वीज यायची, पाणी धरायला हाच उठायचा.
हा सापाचा तुकडा. साप नव्हता, नळी होती,
पण रमजूने बोंब मारली आणि नाव पडलं.
ही वादळाची ओळ:
एका संध्याकाळी निसवलेली साडेतीनशे खोडं आडवी,
घड कोवळे, व्यापारी बांधावरूनच परत,
गुरांनी आठ दिवस खाल्ले.
हे हमिदाचं.
हमिदा कोण ते मी विचारलं नाही.
तो पुढे निघाला होता.

यादीत यातलं काहीच नव्हतं.
मी पाट्या उलट्या केल्या.
उरलेल्या रंगात, बारीक ब्रशने,
मागच्या उघड्या पत्र्यावर लिहिलं,
गवताच्या बाजूला,
जिथून लाव्यांखेरीज कुणी वाचत नाही.

फत्तूला वाचता येत नाही.
मी काहीही लिहू शकलो असतो, हे त्याला माहीत होतं.
म्हणून एकदा त्याने सगळ्या वाचून घेतल्या ओळीने,
चार दिवसांनी शेवटाकडून,
आणि मग भर दुपारी, मी शिडीवर असताना,
लांबून शिटी मारून:
"ही कोनती?"
"दोनच्या लाइटीचं."
"हं."

सतराव्या पाटीमागे एक पील आलंय.
कंद खोल राहिला असणार कुठे.
झाडांच्या मॅडमनी बजावलंय:
राखीवमध्ये केळ दिसली की काढायची, ती इथली नव्हे.
फत्तू काढतो. एका घावात.
पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा
हिरवी सुरळी, विताएवढी.
मॅडम विचारतात, काढली का?
तो म्हणतो, काढली.
काढलेलीच असते.

बिलात मी एक्केचाळीसच धरल्या.
हमिदाच्या पाटीवर पहिला रंग नीट बसला नाही,
पत्रा तेलकट होता, दुसरा हात मारावा लागला.
पुढून तिथे 'मोह' लिहिलंय.
झाड अजून पाटीहून ठेंगणं आहे.