आढळला

दिंडोरी रोडच्या त्या खोलीत
सुई नाही आता, पडद्यावर हिरवी रेघ असते.
मध्येच ती शहारली.
मी दचकले. टिळे मॅडम म्हणाल्या, ट्रक.
ट्रक आणि भुई वेगळी ओळखायला
मला अकरा वर्षं लागली.
लिहून घ्या. दोन पूर्णांक सात. पेठच्या बाजूला.
मोठ्या धक्क्याचा धोका सध्या आढळला नाही.
आणि वहीतल्या ‘आढळला’वर बोट ठेवलं त्यांनी,
पंख्याखालचा सुटा कागद दाबावा तसं.

रात्री साडेअकराला पान लागत होतं.
द्राक्षांच्या औषधाची जाहिरात
अर्धं पान अडवून बसलेली.
वाघचौरे म्हणाले, मथळ्यात दोन शब्द जास्त होतायत.
मी तेव्हा चहाला गेले होते,
असं मी सगळ्यांना सांगते.
मी तिथेच होते, त्यांच्या खुर्चीमागे.

सकाळी घरोघर: मोठ्या धक्क्याचा धोका नाही.

नवव्या दिवशी पहाटे, तीन पूर्णांक नऊ.
करंजपाड्याच्या शाळेची मागची भिंत बसली.
कुणी गेलं नाही. एक शेळी गेली.
जानकी भोयेच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

दुरुस्ती छापून आली, पान सात,
हरवलेल्या गुणपत्रिकांच्या खाली.

मी गेले तेव्हा अख्खा पाडा खळ्यावर,
निळ्या ताडपत्रीखाली.
सगळ्यांच्या मोबाइलवर एकच निरोप:
आज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी. मोठा.
परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सांगितलंय.
त्यात ‘सध्या’ नव्हतं, ‘बहुतेक’ नव्हतं.
ज्याला मिनिट ठाऊक, त्याला सगळंच ठाऊक असणार.

मी म्हणाले, भूकंपाची वेळ
जगात कुणालाच सांगता येत नाही.
सोमा गांगुर्डे विडी विझवत म्हणाला,
मंग ते ‘नाही’ तुमाला कुनी सांगितलं व्हतं?

जानकीनं रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून
कात्रण काढलं. माझं नाव होतं त्यावर.
हे वाचून आमी बाजा आत घेतल्या, म्हणाली.
रागानं नाही. तारीख सांगावी तसं.

‘आढळला’ची गोष्ट मी तिला सांगायला घेतली.
अर्ध्यावर थांबले.
बँडेजवर माशी बसत होती, ती हाकलत राहिले.

दोन वाजले. दोन पाच.
माझाही अंगठा फोनवरून हलेना.
दोन दहा. काही नाही.
दोन बाराला जमीन थरथरली, बारीक,
तांब्यातलं पाणी हललं,
पोरं उठून बसली, कुत्रं उठलं, मी उठले.

ट्रक आहे, मी म्हणाले. गुजरातकडे चाललेला.

कुणी काही बोललं नाही.
जानकी कोपरावर रेलून
वळणाकडे बघत राहिली,
सगळेच बघत राहिले, मीसुद्धा,
आणि झाडांमागून दोन दिवे दिसेपर्यंत
कुणीही आडवं झालं नाही.