टेबल क्रमांक चार

गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावर
बॅगा क्ष-किरणांतून सरकतात
आणि पडद्यावर मला दिसतं
माणसं सुट्टीला काय काय घेऊन निघतात :
मोज्यांत गुंडाळलेली वाफेची इस्त्री,
इवलीशी किटली, मेणबत्त्या,
आणि केसांची यंत्रं. किती ती यंत्रं.
चिमटे, नळ्या, गोल ब्रश,
आपापल्या वायरीच्या वेटोळ्यात झोपलेले.

चिमट्याला मनाई नाही. ड्रायरलाही नाही.
इस्त्रीला आहे, एक्स्टेन्शन बोर्डाला आहे.
हे मी दिवसातून दोनशे वेळा म्हणते,
इलोइलोला माझी आई जपमाळ ओढते त्या सुरात.

व्हर्लीन गिड्री, बोमाँटची,
ओठांना गडद जांभळा रंग,
पन्नास वर्षं दुसऱ्यांची डोकी सावरलेली.
“पोरी, प्लग टेबलापाशी,
आरसा न्हाणीत.
मधलं अंतर मी काय दातांत धरू?”

मी बोर्ड काढून घेतला. पावती दिली. दोनशे सतरा.
मागे तिची बहीण अर्लीन, डोक्याला पिवळा रुमाल.
ती बोलली नाही काही.
चिमटा तेवढा दोन्ही हातांनी उचलून
बॅगेत परत ठेवला,
झोपलेलं मांजर हलवावं तसा.

तिसऱ्या रात्री सूटबुटातलं जेवण असतं.
सहा ते सात सगळं जहाज केस वाळवतं.
सहाव्या डेकच्या बोळातून चाललं
की प्रत्येक दारामागे मधमाश्यांचं पोळं,
आणि तापल्या केसांचा, तेलाचा वास
समुद्राला बाहेरच थोपवून धरतो.

साडेसहाला पाच खोल्यांची वीज गेली.

त्यांचं दार उघडंच होतं.
ड्रायर आणि चिमटा, दोन्ही एकाच प्लगवर,
मध्ये अंगठ्याएवढा एक जोड,
माझ्या पडद्यावरून निसटलेला कसा, देव जाणे.
रुमाल पलंगावर.
अर्लीनच्या डोक्यावर दोन बोटं केस,
औषधांनी नेलेले, फेब्रुवारीत परत आलेले,
पण ते नव्हेत : हे राखेच्या रंगाचे,
बाळाच्या जावळासारखे.
डावी बाजू झालेली. उजवी राहिलेली.

“बत्ती धर,” व्हर्लीन म्हणाली,
मी तिच्या दुकानातली नवी शिकाऊ असल्यासारखं.
“लोखंडात जीव आहे अजून. पाच मिनिटं, फार तर.”

मी बत्ती धरली.
ओल्या कागदावर चिमटा टेकवून
ती चर्र ऐकायची,
मग एक बट, एकच वेढा,
त्याहून जास्त केस नव्हतेच,
आणि टाळू नि लोखंड यांच्या मधे
स्वतःचा अंगठा.
“एका केसाला धक्का लागायचा नाही,” म्हणाली,
कुणाला ते कळलं नाही.
दर बटेला चर्र बारीक होत गेलं.
शेवटची वळलीच नाही.
कानामागे तशीच उभी राहिली, हट्टी.

वीज आली.
अर्लीननं आरसा नंतर पाहिला.
आधी बहिणीचा अंगठा उलटा करून पाहिला.

अहवालात मी लिहिलं : कारण समजले नाही.

कोझुमेलला वाऱ्यानं
दहा मिनिटांत सगळे वेढे सोडवले.
धक्क्यावर दोघी चालत होत्या,
रुमाल अर्लीनच्या गळ्यात,
हातात कसलंसं हिरवं सरबत.

परतल्यावर पावती पुढे आली. दोनशे सतरा.
व्हर्लीननं बोर्डाची बटणं एकेक दाबून पाहिली,
जहाजानं एखादं ठेवून घेतलं असेल तर?
मग माझ्याकडे निरखून :
“अंबाडा इतका आवळतेस कशाला?
कपाळावरचे केस मागे हटायला लागलेत.”
“नियम आहे,” मी म्हटलं.
“हं,” ती म्हणाली,
आणि वायर हातावर गुंडाळत उभी राहिली,
जागची हलेना.
रांगेतला मागचा माणूस
आपली इस्त्री मागत होता.