कणी

दुपारचे चार. कुरूमच्या हॉटेलात
खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या.
नव्या मेन्यूची चव घ्यायला आम्ही सातजण,
बशी एक, चमचे सात.

शेफ रेन्झो म्हणतो, नुसतं गिळू नका, सांगा.
गिऱ्हाईक विचारेल तेव्हा शब्द लागतो.
जोव्हेलिन म्हणते, क्रीमी.
तेकबहादूर म्हणतो, क्रीमी, सर.
माझ्या जिभेवर आर्टिचोक, आणि
तुरट
हा शब्द दातांमागे अडून बसलेला,
त्याचे कागद झालेले नाहीत अजून.
मीही म्हणालो, क्रीमी.

मग आला रिसोत्तो. केशरी, सरबरीत,
तापातून उठलेल्याला देतात तसला आसट भात,
साडेसहा रियाल.
फक्त आत, दाण्याच्या पोटात, कणी.
मी चमचा खाली ठेवला.
शेफ, कच्चा राहिलाय.
सगळे हसले. रेन्झो हसला नाही.
त्यानं एक शीत बशीच्या काठावर चिरडलं,
मधला पांढरा ठिपका दाखवला.
म्हणाला, एवढा ठेवायला शिकताना
माझी अकरा वर्षं गेली.

रात्री आठ नंबरच्या बाईंनी विचारलं, कसा असतो हा?
म्हटलं, मऊ आहे मॅडम,
पण शेवटी काहीतरी दाताला लागेल.
त्यांनी दोन मागवले.

एक वाजता रुवीच्या खोलीवर कुकर लावला, माझी पाळी.
दुसऱ्या शिट्टीलाच गॅस बंद केला.
नाचणकर पहिल्या घासाला थांबला.
कणी राहिलीय रे.
माहितेय, म्हटलं,
आणि त्याच्या ताटात
वरण ओतलं भरपूर.