सायकल

जटलंड, फेब्रुवारी, पहाटेचे साडेचार.
आईपासून तोडून दहा दिवस झालेली पिल्लं
तांबड्या दिव्याखाली एकमेकांवर रचलेली.
एकच बाजूला आडवं,
मान पाठीकडे ओढलेली,
बुबुळं डावी-उजवीकडे थरथरत
आणि चारही पाय चालूच.

"सायकल हाणतंय," थोर्किल म्हणतो.
इथं सगळे असंच म्हणतात.
ना चाक, ना रस्ता,
नुसती टाचांखालची घासून ओली झालेली फरशी.

मण्यांच्या सरीसारखे जंतू,
कालपर्यंत घशात मुकाट राहिलेलं बिऱ्हाड,
रातोरात वर चढलं
मेंदूच्या पापुद्र्यात.

पेनिसिलिन मानेत. मग वेगळा खण, कोरडा पेंढा,
दर तासाला जिभेवर चमचाभर कोमट पाणी.
"हातमोजे!" बोडिल दारातून ओरडते.
तो डावा कान वळवतो.
उजवा एकोणीस वर्षांपूर्वी
याच दुखण्यानं नेला,
अंगठ्यावरच्या एवढ्याशा चिरेतून.

शनिवारी पिल्लू उभं राहिलं,
मान एका अंगाला कलती.
थोर्किल कलत्या मानेनंच बघत राहिला.
दोघांनाही दार
थोडं तिरकंच दिसत असणार.

बोडिल वहीत लिहिते:
खण सात. एक. खातंय.