वाऱ्याची बाही

सासवड रस्त्याला, वजनकाट्याच्या मागे
एक धावपट्टी पडून आहे.
बाबा तिच्यासाठी वाऱ्याची बाही शिवायचे.

बाही म्हणजे ती, खांबावरची,
नारिंगी-पांढरी, दोन्ही तोंडं उघडी.
सरकारी कागदावर तिला काही दुसरं नाव होतं.
बाबा म्हणायचे, बाहीच.
एवढ्या मोठ्या हाताचं गिऱ्हाईक
अजून माप द्यायला आलेलं नाही.

वर्षाला दोन लागायच्या.
एक उन्हात विटायची, एक पावसात कुजायची.
दुहेरी शिवण, तोंडाला तारेची कडी,
आणि कडी ओवून होईपर्यंत
मी त्या बोगद्यातून रांगत
निमुळत्या टोकाशी अडकायची.
बाबा बाहेरून फुंकर मारायचे:
वाहा की गं.

मग विमानं बंद झाली.
तसं कुणी कळवलं नाही,
एका जूनमध्ये बाही सांगायला कुणी आलं नाही, इतकंच.
कापड आणून ठेवलं होतं.
दिवाळीपर्यंत थांबून बाबांनी त्याच्या पिशव्या शिवल्या.
परवापरवापर्यंत भेकराईनगरच्या मंडईत
एखाद्या बाईच्या हाताला दिसायची,
आत मेथी, वर नारिंगी पट्टा.

त्या धावपट्टीवर मी लुना शिकले.
चौकीदार गुलाब मुलाणी मागून पळायचा,
विमानं नव्हती पण त्याचा पगार चालू होता,
तेव्हा काहीतरी उडायला जातंय याचंच
त्याला बरं वाटत असावं.
आता तिथे धणे वाळतात,
लग्न ठरलेली पोरंपोरी फोटो काढून घेतात,
डेपोच्या कचऱ्यावरून आलेल्या घारी
न विचारता उतरतात.

पुन्हा सुरू होणार म्हणतात.
कुंपणाला प्लॉटिंगच्या पाट्या लागल्यात,
विमानतळापासून पाच मिनिटं,
आणि पाटीवरचं विमान कुठल्याही धावपट्टीहून मोठं.

मंगळवारी मोजणीवाले आले.
त्यांच्यातली एक पोरगी माझ्या दुकानात,
तारेत अडकून गुडघ्यावर फाटलेली पँट.
रफू होईस्तोवर स्टुलावर बसून म्हणाली,
इथे वारा कुठून असतो हो?
फोन एक सांगतो, अंगाला दुसरंच लागतं.

सांगितलं मी.
सकाळी दिवे घाटाकडून.
चारनंतर पालटतो, शहराकडून येतो, धूळ घेऊन.
भाद्रपदात त्याला धरबंध नाही,
दिवसात चार वेळा बाही बदलतो.
तिने सगळं लिहून घेतलं.
माहिती कोणाची म्हणून लिहू?
दामोदर लचके.
हुद्दा?
शिंपी, म्हटलं.
पेन थोडं थांबलं, मग तेही लिहिलं.

नवी बाही टेंडरने येईल.
नायलॉनची, बहुतेक दिल्लीहून.
येऊ दे.

रात्री शटर ओढायच्या आधी
बाबांची मापाची वही काढली.
ब्लाउज, ब्लाउज, शाळेचा गणवेश, ब्लाउज,
मग एका पानावर, जांभळ्या शाईत:

वारा. लांबी बारा फूट.
घेर तोंडाशी एकशेदहा इंच, टोकाशी पन्नास.
कापड त्यांचं.
शिलाई बाकी, पंच्याऐंशी रुपये.