करड्याच्या पायऱ्या

शुवैखच्या गाळ्यात रात्री अकराला
चौथा कागद बाहेर येतो, आणि चौथ्यांदा
आकाशाच्या जागी जिना.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत
एका श्वासात यायला हवं होतं.
ते दम खात, पायरी पायरीनं उतरलंय.
पडद्यावर मात्र लोण्यासारखं.

दलाल (हो, तिचं नावच दलाल;
आमच्याकडे त्याचा अर्थ काय
ते अजून सांगितलेलं नाही) म्हणते,
"पेडणेकर, हे वाळवंट मी आकड्यांतून काढलंय.
कुठेच नाही ते.
मग कुठेच नसलेल्या आकाशाला
हिरवी झाक कुठून?"

झाक ट्यूबलाइटची.
बाहेर खांबावरच्या पिवळ्या दिव्याखाली
तोच कागद गुलाबी.
करड्याला स्वतःचं मत नसतं,
ज्याच्या घरी जेवेल त्याचंच बोलतो.

रंगीत शाया बंद केल्या. तीन करड्या, एक काळी.
नळ्या धुतल्या, महागडा सुती कागद लावला.
हिरवं गेलं.
जिना तसाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोझ आली, इथली धूळ.
समोरच्या टायरवाल्याची पाटी गेली,
मग त्याचा पत्रा, मग बंदरावरची क्रेन,
आणि कुठून कुठे गेलं
ते बोट ठेवून दाखवता येईना.

रोमेल दाराच्या फटीत ओली फडकी कोंबत होता.
म्हटलं, थांब जरा. बघू दे.

मग फाइल सोळा बिटांत पुन्हा उघडली
आणि दलालच्या त्या निष्कलंक आकाशावर
चिमूटभर कचरा टाकला,
आई आमटीत हिंग टाकते तेवढाच:
दिसायचा नाही, नसला की कळायचा.

पाचवा कागद.
शाई वाळेपर्यंत कोणी बोललं नाही.
दलालनं भिंग लावलं. ठिपके, नुसते ठिपके,
एकाला दुसऱ्याची ओळख नाही.
भिंग बाजूला केलं
आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"माझ्या आकड्यांत नसलेलं
काहीतरी यात आहे," म्हणाली.
आहे, म्हटलं. बिलात लावलेलं नाही.

दर शुक्रवारी आई फोनवर विचारते,
तू तिथे नक्की करतोस तरी काय?
पांढऱ्यावर काळं करतो, म्हणतो मी.
मग पत्र का येत नाही रे, ती म्हणते.